पप्पांचा उजवा पाय

मे महिन्यापासून आमच्या घरात पप्पांचा उजवा पाय एकटाच ब्रेक दाबत होता. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी, आणि पाय चालू. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली की पाय दाबला जायचा. मी सायकल घेऊन अंगणात सुसाट शिरले की दाबला जायचा. एसटीत तर समोरच्या सीटच्या दांड्यावर तो रोवलेलाच असायचा आणि नागठाणे ते सातारा मी शेजारी बसून त्याच्याकडं बघत राहायची. पप्पा फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातून ट्रक काढलेला माणूस. त्यांचा पाय असं वागतोय हे मला सहनच होत नव्हतं.

झालं होतं असं. आई पाचगणीजवळच्या एका झेडपीच्या शाळेत शिकवते आणि आठवडाभर तिकडंच खोली घेऊन राहते. दर शनिवारी पप्पा आणि मी आमची पांढरी सेडान घेऊन पसरणीचा घाट चढायचो, तिला घेऊन खाली यायचो. गाडी वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी आहे, म्हणून मी तिला तायडी म्हणते. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी तायडीत आईची गादी, पुस्तकांची खोकी आणि जॅमच्या बरण्या ठासून भरलेल्या. घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग. जरा पुढं, की ब्रेक. परत जरा पुढं, परत ब्रेक. जळका वास यायला लागला. "कुणाचा तरी क्लच जळालाय," पप्पा म्हणाले. तो आमचाच ब्रेक होता. एका वळणावर त्यांनी पेडल दाबलं आणि चिखलात पाय जावा तसं ते सरळ खाली गेलं. पप्पांनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीला घासून उभी केली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त जॅमची एक बरणी आईच्या मांडीवर फुटली. पप्पांनी मागं वळून त्या लाल मांडीकडं बघितलं, आणि तेव्हा त्यांचा चेहरा जो झाला तो मला अजून आठवतो.

त्यानंतर स्टिअरिंगला हात नाही. साताऱ्याच्या मेकॅनिकनं ब्रेक ऑइल बदललं, गाडी ठीक आहे म्हणाला. पप्पांनी "बरं" म्हणून ताडपत्री टाकली. लोणंदचे आप्पासो जुन्या गाड्यांचा व्यवहार करतात, त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेऊन जातो म्हणून सांगितलं, आणि पप्पा त्यांनाही "बरं" म्हणाले.

आई फोनवर म्हणायची, "राहू दे गं संयू, मी येते की एसटीनं." पण तायडी गेली तर तो पाय जन्मभर तसाच राहणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि मी राहू देणाऱ्यांतली नाही. यंदा शाळेत वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर मुळीच नाही. पप्पा रानात गेल्यावर मी त्यांचा फोन घेतला आणि सांगलीला आदगोंडाकाकांना लावला. पप्पा फौजेत गाड्या चालवायचे तेव्हा काका त्या दुरुस्त करायचे. आता सांगलीत त्यांचं गॅरेज आहे.

"काका, मी संयोगिता. पप्पा गाडी विकायला निघालेत."

"का गं अक्का, गाडीनं काय केलं?"

मी सगळं सांगितलं. बरण्या, वळण, पाय, सगळं. काका म्हणाले, "रविवारी येतो. त्याला सांगू नको. सांगितलास तर रानात पळंल."

रविवारी काका एसटीनं आले, चहा प्यायले, ताडपत्री ओढली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. "बस की वीरधवल," शेजारची सीट थोपटून म्हणाले, "सांगलीला जाऊन येऊ. हिचे ब्रेक मोठे करू."

"विकायची हाय गाडी, आदगोंडा."

"वीक की. चांगले ब्रेक लावून वीक. घेणारा माणूसच हाय न्हवं?"

पप्पा शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मी तर मागं बसून पट्टासुद्धा लावला होता.

कऱ्हाड मागं पडलं, पेठ नाका आला, आणि पप्पांचा पाय पूर्ण रस्ता पुढच्या मॅटवर. ट्रॅक्टर दिसला की दाब, म्हैस दिसली की दाब. शेवटी काका म्हणाले, "गड्या, तळाला भोक पडंल. मग तुला पळायला लागंल गाडीबरोबर." मी हसले. पप्पा हसले नाहीत, पण पाय जरा मागं घेतला. पुढच्या टेम्पोपर्यंत.

गॅरेजमध्ये काकांनी पुढची दोन्ही चाकं काढली. आमच्याच गाडीचं जे भारीतलं मॉडेल यायचं त्याच्या डिस्क त्यांनी आणून ठेवल्या होत्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी पॅड येऊन तिला चिमटा काढतात. आमची जुनी थाळी आईच्या भाकरीएवढी, नवी परातीसारखी. "लहान थाळी लवकर तापती," काका म्हणाले, "तापली की तिच्याजवळचं ऑइल उकळतं. उकळलं की पेडलात जीव राहत न्हाई. तुमचं घाटात तेच झालं. ह्याच्यात वीरधवलची काय चूक न्हाई बघ." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघत, पण पप्पांना ऐकू जाईल असं म्हटलं. पप्पा बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभे होते.

एक अडचण आली. थाळीच्या मागं पत्र्याचं एक ताट असतं, रस्त्याचा चिखल थाळीवर उडू नये म्हणून. थाळी मोठी झाल्यावर ते ताट आत बसेना. काकांनी दोन्ही बाजूंची ताटं काढली आणि डिकीत टाकली. "चिखलाचं काय एवढं न्हाई," म्हणाले, "ब्रेक दाबला की पुसून जातो."

मग सगळ्यात भारी काम माझ्याकडं आलं. नळ्यांतली हवा काढायची होती. त्यासाठी एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाजवळ स्क्रू ढिला करायचा. काका खालून ओरडायचे, "दाब." मी दाबायची. "धर." मी धरायची. स्क्रू ढिला झाला की पेडल हळूच बुडायचं. "आता सोड." घाई होती, कारण काका जैन, सूर्य बुडायच्या आत जेवतात, आणि कस्तुरीकाकूंची आतून तिसरी हाक येऊन गेली होती. सुरुवातीला पेडल मऊ, भिजलेल्या उशीसारखं. मग जरा घट्ट. शेवटी असं झालं की मी सगळं वजन टाकलं तरी ते थोडंसं जाऊन ठाम उभं राहिलं.

"कसं लागतंय, अक्का?"

"दगडासारखं."

"ध्यानात ठेव. हे असंच लागलं पाहिजे." आणि काका हात धुवायला पळाले.

परतताना गाडी पप्पांनाच आणायला लागली, कारण काका काही आमच्याबरोबर येणार नव्हते. पप्पा तिसऱ्या गिअरात, रस्त्याच्या अगदी कडेनं. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून दमले. मी तोंड दाबून बसले, माझ्यासाठी ते केवढं अवघड आहे हे मला ओळखणाऱ्यांना विचारा. पेठ नाक्याजवळ एक कुत्रं आडवं आलं. पप्पांनी ब्रेक दाबला आणि तायडी जागच्या जागी बसली. कुत्र्यानं आमच्याकडं बघितलं, पप्पांनी कुत्र्याकडं. त्यानंतर चौथा गिअर पडला.

घरी आल्यावर मी विचारलं, "मग आप्पासोंना नको म्हणून सांगायचं ना?"

"शब्द दिलाय मी," पप्पा म्हणाले. मग किल्ली खिळ्याला अडकवून, "दसऱ्याला सकाळी तुझ्या आईला आणायला जातो. घाट उतरून बघतो. मन धजलं तर ठीक. न्हाईतर आप्पासो हायेच."

दसऱ्यापर्यंत मला काही सुचलं नाही. भूगोलाच्या वहीत मी घाटाची वळणं काढत बसायची आणि बाईंनी सह्याद्रीबद्दल काही विचारलं की दचकायची.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची आणि गाड्यांची पूजा असते. पप्पांचा हा सगळ्यात आवडता सण. फौजेत म्हणे शस्त्रपूजेला गाड्यांचं पोटसुद्धा चमकायला लागायचं, साहेब वाकून बघायचे. त्यामुळं दरवर्षी पप्पा औषध फवारणीचा एक जुना पंप घेतात, त्यात डिझेल आणि जळकं ऑइल कालवतात आणि गाडी धुऊन झाली की खालून सगळीकडं मारतात. लोखंड काळंभोर होतं, गंज चढत नाही. यंदा ते शिट्टी वाजवत फवारत होते. मे महिन्यापासून मी ती शिट्टी ऐकली नव्हती. मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. तायडी नवरीसारखी दिसत होती. पप्पांनी वाकून तिच्या पोटाखाली बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, "ओके."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. लिंबं फुटली, गाडी गल्लीतून बाहेर आली, शाळेजवळचा स्पीडब्रेकर आला. पप्पांनी पाय ठेवला.

गाडी थांबली नाही. जरा रेंगाळली आणि तशीच घसरत पुढं गेली, तीही डावीकडं ओढत. स्पीडब्रेकरवरून आम्ही उडालो, हार टपावर आला, माझं डोकं छताला लागलं. पप्पांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी पिंपळाच्या पाराजवळ थांबली. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "वीरधवल, शिलंगणाला एवढी घाई?"

पप्पांनी पहिल्या गिअरात गाडी घरी आणली, शेडसमोर लावली, किल्ली काढली. आईचा फोन आला. "निघालात का?"

"एसटीनं ये," पप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "ताडपत्री घालू नको. आप्पासो येतोय."

ते घरात गेले. मी शेडपासून दारापर्यंत आणि दारापासून शेडपर्यंत किती चकरा मारल्या देव जाणे. काकांचा मला राग आला. मग मोठ्या थाळीचा राग आला. मग स्वतःचा, कारण फोन मीच लावला होता. शेवटी मी गाडीत जाऊन बसले आणि रागानं पेडल दाबलं.

दगड.

मी परत दाबलं. दगडच. घाटात पेडल चिखलात गेलं होतं. हे तसं नव्हतंच. हे सांगलीत काकांनी ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ते अगदी तसंच होतं. म्हणजे पॅड थाळीला चिमटा काढतायत, बरोबर काढतायत, फक्त चिमट्यातून थाळी निसटतेय. असं कधी होतं? हात तेलकट असले की बरणीचं झाकण फिरत नाही, तेव्हा.

मी उतरून पुढच्या चाकाशी बसले. डिझेल जळाल्याचा वास येत होता. चाकाच्या आऱ्यांतून बोट घातलं आणि थाळीला लावलं. बोट काळं, चकचकीत. मी डिकी उघडली. पत्र्याची दोन्ही ताटं तिथंच पडली होती. एका बाजूनं स्वच्छ. दुसऱ्या बाजूला जुन्या ऑइलचा एवढा जाड थर, की नखानं ओरखडला तर वडीसारखा निघाला. इतक्या वर्षांच्या खंडेनवम्या त्या पत्र्यानं अंगावर घेतल्या होत्या.

मला सगळं समजलं. आणि हे आता पप्पांना सांगायचं होतं. मेकॅनिक चुकला असं सांगणं सोपं. थाळी खराब निघाली हेही सोपं. पण शिट्टी वाजवत होते ते पप्पा. बाहेर आप्पासोंची मोटारसायकल आली. मागं आमची गाडी चालवत न्यायला आणलेला एक माणूस, आणि आप्पासोंच्या हातात नारळ.

"सोनं द्या, गाडी द्या, मुहूर्त टळतोय," आप्पासो मोठ्यानं म्हणाले. पप्पा दारात आले. किल्ली हातात होती.

"पप्पा, इकडं या."

"संयू, आता न्हाई."

"आवं या की. बोट लावून बघा फक्त."

मी ताट पुढं धरलं. पप्पा आले. त्यांनी थाळीला बोट लावलं, वास घेतला. मग ताटाच्या थराला बोट लावलं, त्याचाही वास घेतला. मला वाटलं आता ओरडणार.

"मी कवापासून मारतोय हे ऑइल," ते हळू म्हणाले. "कवा काय झालं न्हाई."

"व्हय. पण तवा मधी हे होतं."

पप्पा उठले. शेडला वळसा घालून मागं गेले. मी आणि आप्पासो एकमेकांकडं बघत उभे. आप्पासोंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. पप्पा शेडच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट काढून खांद्यावर टाकलेला होता.

"जॅक आण," मला म्हणाले.

आदगोंडाकाकांना फोन लावला तर ते आधी पोट धरून हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "चूक माझी पण हाय. तुला सांगायला पायजे होतं. मला तुझा तो पंप म्हाईत हाय की, युनिटमध्ये माझ्या बुटावर मारलावतास." थाळी पेट्रोलनं पुसून घ्या म्हणाले, पण पॅड तेल प्यायलेत, ते भाजून-घासून वापरायचे नाहीत, फेकायचे. दुसरे पॅड साताऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं देतो.

मग सुरू झालं वाट बघणं. आप्पासो चहा प्यायले, परत चहा प्यायले. "वीरधवल, मला पाडव्यापर्यंत थांबवणार काय तुमी?"

"थांबा की. जिलबी खा," पप्पा गाडीखालून म्हणाले.

"गाडी विकायची हाय का न्हाई ते तरी सांगा."

गाडीखालून फक्त चिंध्यांनी लोखंड घासल्याचा आवाज. मी फाट्यावर सायकल घेऊन गेले ती बसच्या आधी कितीतरी वेळ. येणाऱ्या प्रत्येक लाल गाडीला हात केला. दोन कंडक्टर माझ्यावर ओरडले. तिसऱ्यानं खिडकीतून फडक्यात बांधलेलं गाठोडं दिलं. आत पॅड, आणि वर आपट्याची पानं ठेवलेली.

पप्पांनी पॅड बसवले. मग शाळेकडच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी नेऊन थोडी पळव, थांबव, थोडी पळव, थांबव असं बराच वेळ केलं. नवे पॅड थाळीवर तसेच बसवतात. पारावरचा म्हातारा प्रत्येक वेळी मान हलवत होता. परत आल्यावर पप्पा आप्पासोंसमोर जाऊन उभे राहिले.

"आप्पासो, मी शब्द दिलाय. तो आज संध्याकाळपातूर हाय तसा ठेवा. पोरीच्या आईला घाटातनं घिऊन येतो आणि सांगतो."

आप्पासोंनी आमच्याकडं, गाडीकडं आणि नारळाकडं बघितलं. "हा तर परत न्यायचा नसतो," म्हणाले आणि आमच्याच चाकासमोर फोडला. "जावा."

सणामुळं एसट्या सकाळपासून भरून जात होत्या, त्यामुळं पाचगणीच्या स्टँडवर आई अजून रांगेतच उभी होती. तायडी बघून ती रांगेतून बाहेर आली. पदर खोचून मागं बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"बरण्या न्हाईत ना?" पप्पांनी आरशातून विचारलं.

"एक हाय. तुमच्या लेकीला पायजे म्हणून."

घाट सुरू झाला. पप्पा दुसऱ्या गिअरात, ब्रेकला जरासा पाय, की सोडला. जरासा, की सोडला. दसऱ्याची गर्दी होतीच. समोरच्या गाडीचे लाल दिवे पेटले की मी पप्पांच्या पायाकडं बघायची. वास येतोय का म्हणून मी खिडकी खाली केली. पाण्याचा, गवताचा, कुणाच्या तरी भाजक्या कणसाचा वास. ते वळण आलं. गटारीच्या कडेला मे महिन्यात पडलेला आमचा पांढरा ओरखडा अजून होता. मागं कुणी नाही असं बघून पप्पांनी तिथंच ब्रेक दाबला.

गाडी थांबली. आईची पिशवीसुद्धा हलली नाही.

"इथंच का?" आई म्हणाली.

"इथंच," पप्पा म्हणाले, आणि पुन्हा दुसरा गिअर टाकला.

वाई आली, रस्ता सपाट झाला. पप्पांचा फोन माझ्याकडं होता, तो वाजला. आप्पासोच. मी पप्पांकडं बघितलं. ते शिट्टी वाजवत होते, अगदी हळू, दातांतून.

"काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, वीरधवल माफी मागतोय. फराळाला ये म्हणावं, पण किल्लीवाला माणूस आणू नको."

मी फोनवर सांगत असताना आई मागून पुढं वाकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"संयू," ती म्हणाली, "पाय काढ गं आता."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय मॅटवर एवढा घट्ट दाबलेला होता, की चपलेचा पट्टा तुटला होता.